बोलावलेल्यांना परत पाठवणारी

लग्नघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की धवलारीण पहिला प्रश्न विचारायची, "घरान कोन कोन गेलाय?" दारात तोरण लागलेलं, हळद वाटून तयार, पोरीबाळी नटलेल्या, आणि ही बाई आल्या आल्या मेलेल्यांची नावं विचारणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अभद्रच वाटलं होतं. गावातल्या बायका मात्र तिच्याभोवती बसून शांतपणे सांगायच्या. सासरा, चुलतसासू, खाडीत गेलेला दीर. ती एकेक नाव पुटपुटून घ्यायची आणि वर म्हणायची, "लहान कोन गेला आसंल तं सांगा. लहानांना इसरू नका, ती रुसतान."

ओवी आणि निहार, 'धवलारीण' हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, म्हणून आधी तो सांगते. नवी मुंबई उभी राहण्याआधी इथे खाडीच्या कडेला आगरी लोकांची गावं होती. भाताची शेतं होती, मिठागरं होती. शेतं गेली, गावं राहिली. आपल्या बाल्कनीतून उजवीकडे जी दाटीवाटीची तीन-चार मजली घरं दिसतात, ते त्यातलंच एक गाव. तिथे लग्नात भटजी असतोच, पण त्याच्याआधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून तो सोडण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. ते गाणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही.

नेरूळच्या आपल्या फ्लॅटचा ताबा मिळायला उशीर झाला, तेव्हा तुमच्या आजोबांनी आणि मी या गावातल्या धवलारिणीच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तुमची आई चौथीत होती. धवलारिणीला मी मावशी म्हणायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवते हे कळल्यावर ती मला टीचर म्हणू लागली, ते शेवटपर्यंत. गच्चीवर सुकट वाळत घालून ती कावळ्यांवर नजर ठेवत बसायची आणि तिथूनच खालच्या गल्लीतल्या प्रत्येकाची विचारपूस करायची. विचारपूस म्हणजे बहुतेक वेळा खरडपट्टी. "आरं, आयशीला भेटाला गेलास का? का बायकोला इचारून जाशील?"

तिचा आवाज काही गोड नव्हता. पण तो सुरू झाला की भांड्यांचे आवाज थांबायचे. एकदा मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि म्हटलं, "मावशी, दोन ओळी म्हणा ना, मुलीला ऐकवीन." तिने उलट मलाच विचारलं, "टीचर, तुमी रस्त्यान उभ्या राहून हजेरी घेतान का?"

"नाही."

"मंग? ह्ये पन काम हाय. मांडव नाय तं काम नाय." आणि तिने मला सुकट निवडायला बसवलं.

तिच्या कामातला सगळ्यात अवघड भाग होता बोलावणं. हळदीच्या आधी ती देवांना बोलवायची, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, नाव घेऊन, नात्याने. ये, मांडवाला ये, हळदीचं बोट लावायला ये. ऐकताना बायका पदराने डोळे पुसायच्या. पण तिच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते पाठवणं. लग्न उरकून मांडव सोडायची वेळ आली की ती पुन्हा बसायची. नवरी गेलेली असायची, पाहुणे पांगलेले असायचे, मांडववाला दोऱ्या सोडत असायचा. ऐकायला कोणी नसलं तरी ती तीच नावं त्याच क्रमाने घेऊन एकेकाला निरोप द्यायची. एकदा मी म्हटलं, "आता कोण ऐकतंय, मावशी?" त्यावर ती चांगलीच रागावली. "हाक मारून आनलेला मानूस हाय. त्याला जेवाला घालाचं, पान द्याचं, वाटेला लावाचं. नायतर त्यानं जावाचं कुठं? मांडव तं सुटला."

आम्ही फ्लॅटवर राहायला आलो तरी येणंजाणं राहिलं. तिची नात तेजल माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. हुशार आणि मानी मुलगी. शाळेत कोणी तिच्या 'पानी' आणि 'लोनी'ला हसलं होतं, तेव्हापासून ती आमच्यासमोर तोलून मापून बोलायची. पालकसभेला आजीने येऊ नये म्हणून तिने एकदा सभेची चिठ्ठीच फाडली. तिची बोली सुधारून देण्यात माझाही हात होता. मला तेव्हा ते चांगलं काम वाटत होतं.

पुढे ती खारघरला कॉलेजात गेली, हातात फोन आला आणि पाच-सहा महिन्यांत पोरगी बदलली. फोनवर तिने आपल्या समाजाचं पान सुरू केलं. नऊवारी कशी नेसतात, चिंबोरीचं कालवण कसं करतात, आणि सगळं आपल्या बोलीत, ठसक्यात. कामोठ्याची, पनवेलची, उरणची मुलं खाली लिहायची, आमची आजी असंच बोलायची. मी वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून जे त्या मुलीला देऊ शकले नाही ते त्या फोनने दिलं, हे मला मान्य करायला हवं. पुढे जे झालं ते वाचताना हे विसरू नका.

धवलारिणीच्या घरापासून तिसऱ्या घरात कुंदा राहायची. तिचा धाकटा मुलगा रूपेश चोविसाव्या वर्षी बाइकच्या अपघातात गेला. दोन वर्षांनी थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. धवलारीण त्यांच्या घरी गेली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न विचारला. कुंदाने आधी बाकीची नावं सांगितली. मग म्हणाली, "मावशे, त्याला बोलाव. भावाचं लगीन हाय."

त्या दिवशी तेजलने विचारलं होतं, "आजी, शूट करू का?" धवलारीण म्हणाली, "कर. पन मधीच तोडू नको." तिला वाटलं, मांडवात जसं सगळं होतं तसं फोनातही सगळं जातं. तेजलने सगळं शूट केलंही. पण पानावर टाकताना अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढला. कुठला काढणार? सगळ्यात काळजाला भिडणारा. म्हाताऱ्या आवाजातली ती लांब हाक, "ये रे रूपेशा, भावाच्या मांडवाला ये," आणि मागे कुंदाचा हुंदका. मग ती माझ्याकडे आली. "टीचर, इंग्लिशमध्ये खाली काय लिहू?" मी चष्मा लावून नीट भाषांतर करून दिलं. एक शब्द तीनदा बदलला. तुम्हालाही पाठवलं. तुम्ही दोघांनीही त्याला लाल बदाम दिला होता, आठवतं?

तो तुकडा किती लोकांनी पाहिला त्याचा आकडा लिहीत नाही. तेजल हातात फोन घेऊन गल्लीभर नाचत होती एवढं सांगते. धवलारिणीला सीवूड्सच्या मॉलमध्ये कोणीतरी ओळखलं आणि सोबत फोटो काढला. "मी काय लगनान हाय का, फोटू काढाला?" असं ती म्हणाली, पण पदर सारखा केला होता.

दोन आठवड्यांत कोणीतरी ती हाक उचलली आणि तिच्याखाली ढोल आणि डीजेचा ठेका बसवला. "ये रे रूपेशा" एवढंच, पुन्हा पुन्हा. ठेका पकड घेणारा होता. हळदीत मुलं त्यावर नाचू लागली. रिक्षात वाजू लागला, जिममध्ये वाजू लागला. तोंडावर हळद फासलेली, काळा चष्मा घातलेली पोरं हात वर करून रूपेशला बोलवत होती. त्यांच्यातल्या कोणाला रूपेश कोण ते ठाऊक नव्हतं. मागच्या गल्लीत हळद होती त्या दिवशी कुंदाने सकाळपासून ते ऐकलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिथेच होते. धवलारीण भाकऱ्या थापत होती, तेजल बाजूला बसली होती. कुंदा आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "मावशे, माझ्या पोराला किती वेल हाक मारशील?"

"काय झाला, कुंदे?"

"सकालधरनं बोलवतेस. कालपन बोलवलास. परत कवा पाठवशील त्याला?"

धवलारिणीचे हात परातीतच राहिले. "मी तवाच पाठवला ग. मांडव सोडताना पाठवला. तू व्हतीस ना?"

"मंग ह्यो कोन बोलवतंय?" कुंदाने आवाजाच्या दिशेने हात केला. आवाज येतच होता. "तुजाच आवाज हाय. तो बिचारा येतो आनि हुबा राहतो. कुनाच्या दारान हुबा राहतो, ठाव हाय तुना?"

तव्यावरची भाकरी करपत होती, पण उठायचं धाडस कोणालाच झालं नाही. कुंदा निघून गेली. तेजल रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मी आत्ता डिलीट करते." तिने खरंच तो तुकडा काढून टाकला. बाहेर ठेका वाजतच राहिला. तो आता तिचा नव्हता.

"काढलास ना? मंग अजून वाजतंय कसा?" धवलारीण विचारत होती. हे तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हनजे हाक माझी, आनि मीच थांबवू शकत नाय."

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टने आमच्या सातव्या मजल्यावर आली. आयुष्यात दुसऱ्यांदाच. "टीचर, तुमी शिकलेल्या हाव. त्यांना इंग्लिशमधी लिवा." ज्या कंपनीच्या अॅपवर ती पानं असतात, त्या कंपनीला मी लिहिलं. व्यवस्थित लिहिलं, मुद्दे पाडून, आईचं दुःख, कुटुंबाची परवानगी नसणं, सगळं. उत्तर लगेच आलं, आभार मानणारं आणि काहीच न सांगणारं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. सगळ्याची फाईल करून ठेवली आहे. फाईल नीटनेटकी आहे, एवढंच.

इकडे गावातली तरुण मुलं तिचा सत्कार करायला निघाली. चौकात फलक लावायचा, तिचा फोटो, समाजाची शान वगैरे. स्टेजवर तिने ती एक ओळ म्हणावी, बाकी काही नको. मुलं वाईट नव्हती. शेतं गेली, खाडी गेली, आपलं म्हणून सांगायला काहीतरी हातात आलं होतं आणि ते सोडवत नव्हतं. "आजी, आख्खा महाराष्ट्र तुला वलखतो," त्यांचा पुढारी म्हणाला. धवलारीण म्हणाली, "कुंदा वलख देत नाय. तिचा काय करू?"

"तिला आमी समजावतो."

"तुज्या आयशीला सांग पयला. तिला इचार, तुजा फोटू लावून तुना नाचत बोलवला तं चालंल का." मुलगा उठून गेला. फलक लागला नाही.

कुंदाच्या कुटुंबात त्या महिन्यात आणखी एक लग्न होतं. तिथून धवलारिणीला बोलावणं आलं नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. गच्चीवर बसणं तिने सोडलं. सुकट कावळे नेऊ लागले.

मग एका दुपारी तिने तेजलला हाक मारली. "फोन घे. मी सांगन तवर बंद कराचा नाय." आणि मला म्हणाली, "तुमी छत्री धरा." आम्ही तिघी कुंदाच्या दारात गेलो. दार बंद होतं. धवलारीण पायरीवर बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि मांडव नसताना, लग्न नसताना, तिने पाठवणं गायला सुरुवात केली. तिच्या नियमाप्रमाणे हे चूक होतं. तिचा आवाज पहिल्या ओळीला अडखळला, तो कदाचित त्यामुळेच.

आधी देव, मग पणजोबा, मग आजा. प्रत्येकाला जेवण, पान, आणि वाट. गल्लीतली माणसं खिडक्यांत आली. तेजलने फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला. रूपेशचं नाव आलं. जेवलास बाबा, पान खा आणि निघ, अशा अर्थाची ओळ होती. त्या ओळीला आतून कडी निघाली. कुंदा दारात उभी राहून म्हणाली, "पान नको. तो पान खायाचा नाय. चाय दे त्याला."

धवलारीण थांबली नाही. तिने ओळ वळवली. चहा पी बाबा, आणि निघ. कुंदा उंबऱ्यावर बसली आणि गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली. मग तिने आत जाऊन आमच्यासाठी पाणी आणलं.

तेजलने ते सगळं, न तोडता, पानावर टाकलं. अठरा मिनिटं. कोणी पाहिलं नाही. म्हणजे थोड्यांनी पाहिलं, दोघांनी खाली लिहिलं की खूप लांब आहे, एकाने विचारलं ठेका कुठे आहे. धवलारीण रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?" तेजल आकडा सांगायची. त्यावर ती एकदा म्हणाली, "बोलवाला येवढी मानसा, पाठवाला कोन नाय." यानंतर तिने लग्नांना जाणं सोडलं. कोणी हळद-कुंकू घेऊन आलं तर हात जोडायची. "माझा आवाज तुमच्याकडं हाय ना, तो वाजवा." हे ती टोमणा म्हणून बोलायची. लोक खरंच वाजवायचे.

पुढच्या हिवाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "टीचर, तुमच्या घरान कोन कोन गेलाय?" इतक्या वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. माझे आईवडील, धाकटा भाऊ, तुमचे आजोबा. तिने एकेक नाव ओठांवर घेतलं. आठवड्याने ती गेली.

तेजलचं लग्न या वर्षी झालं, खारघरच्या हॉलमध्ये. हळदीची तयारी झाली आणि सगळे घुटमळले. धवलारीण कोण? आजीने कोणाला शिकवलं नव्हतं, तेजलने कधी शिकायचं म्हटलं नव्हतं. डीजेवाला म्हणाला, "आजीचा ओरिजनल आवाज हाय आपल्याकडं. नातीच्या लग्नान आजी गातेय, अजून काय पायजे?" काकांना ते पटलं. एका मामीने तर डोळेही पुसले.

"नको," तेजल म्हणाली. "त्यात रूपेशदादाचं नाव आहे."

"तेवढा म्यूट करू."

"काका, नको म्हटलं ना." तिचा आवाज चढला. नवऱ्याकडची माणसं बघू लागली. "वाजलं तर मी हळद लावून घेणार नाही."

काका उखडले. "मंग काय मुक्यानं लगीन लावतंस? धवला नाय तं हलद नाय, ह्ये तुजी आजीच बोलाची!" बरोबरच होतं त्यांचं. तेजल पाटावर ताठ बसून राहिली. हळदीची वाटी घेतलेल्या बायका तशाच उभ्या.

मागच्या रांगेतून कुंदा उठली. पुढे आली, पण गायली नाही. म्हणाली, "मना बोलवाला येत नाय. मना फकस्त पाठवाला येतं. रोज फोनवर ऐकून पाठ झालाय." मग दाराकडे तोंड करून, शेजारणीला खिडकीतून बोलवावं तशा साध्या आवाजात तिने हाक मारली. "मावशे, ये ग. तुज्या तेजलीचं लगीन हाय." मग तेजलच्या घरातले बाकीचे, एकेक नाव. बायका आठवण करून देत होत्या. नावं संपली असं वाटलं, पण कुंदा बसली नाही.

"रूपेशा," ती म्हणाली, "तू पन ये. आजीला हात धरून आन."

हळद लागली, लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा हॉलचा माणूस खुर्च्या रचत होता, नवऱ्याकडचे घड्याळ बघत होते, गाडी फुलांसकट दारात उभी होती. कुंदा रिकाम्या स्टेजच्या पायरीवर बसली आणि पाठवणं सुरू केलं. ओळ न् ओळ धवलारिणीची, आवाज तिचा स्वतःचा, थोडा बारीक. रूपेशला चहा दिला. मावशीच्या नावाला येऊन अडली आणि आमच्याकडे वळली. "मावशीला काय द्याचं?"

"मशेरी," कोणीतरी म्हणालं. "छे, सुकटीचं कालवण." "तिला चायपन लागाची, साखर जास्त." बायकांची भांडणं जुंपली. सासऱ्यांनी गाडीचा हॉर्न दोनदा वाजवायला लावला. तेजल जागची हलली नाही. शेवटी कुंदाने सगळंच दिलं, एकाच ओळीत कोंबून, आणि मावशीला वाटेला लावलं. शेवटचं नाव गेलं, मग तेजल गाडीत बसली.